पेनसिल्व्हेनियात वसंतातली टर्कीची शिकार: व्हिसा, लायसन्स, टॅग आणि पहाटेचे नियम

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये मला एखादा तरी फोन येतोच. "अरे, ऑफिसातला एक जण टर्कीच्या शिकारीला चल म्हणतोय. मजा येईल का? आणि आपल्याला एच-वन-बीवर चालतं का?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे तासभराचं उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर 'हो, पण' असं आहे आणि त्या 'पण'मध्ये तुमचं इथलं राहणं पणाला लागू शकतं. म्हणून हा लेख व्हिसापासून सुरू करतोय. पक्षी नंतर येईल.

आधी एक खुलासा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, त्यामुळे आपल्या पिढीच्या मनात 'शिकार' म्हणजे एक तर राजेरजवाड्यांचे जुने फोटो, नाही तर गुन्हा. अमेरिकेत उलटी व्यवस्था आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली रानटर्की संपत आली होती. ती परत आली, त्यात मोठा हात शिकाऱ्यांच्याच पैशाचा आहे. १९३७च्या एका संघीय कायद्यानुसार शिकारी बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. पेनसिल्व्हेनियाने आधी फार्मवर टर्की पाळून जंगलात सोडून पाहिल्या. १९८०पर्यंत हा उद्योग चालला, पण पाळीव पक्षी रानात टिकेनात. शेवटी रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसऱ्या जंगलात सोडले, तेव्हा जम बसला. वसंतातली शिकार इथे १९६८पासून सुरू झाली. हे पटावं असा आग्रह नाही. पण पुढचे नियम असे का आहेत, ते यातून कळतं.

आधी व्हिसा

अमेरिकी संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर देशात आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, भेटीला आलेल्या आईवडिलांचा बी-टू, सगळे यात आले. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यात येत नाहीत. ग्रीन कार्डाचा अर्ज नुसता प्रलंबित आहे, म्हणजे ते मिळालं असं नव्हे, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतोच, कारण हा गोंधळ मी पाहिलाय.

या मनाईला मोजके अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद असा: तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेलं, चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स असेल, तर मनाई लागू होत नाही. म्हणजे व्हिसावर असलेल्याच्या हातात बंदूक कायदेशीर आहे की नाही, हे त्या लायसन्सवरच ठरतं. इतरांना ते पक्षी मारायला लागतं. तुम्हाला बंदूक हातात धरायलाच लागतं.

याचे तीन परिणाम कायम ध्यानात ठेवा.

पहिला, 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. "जरा धरून बघ" म्हणून मित्राने हातात दिलेली शॉटगनसुद्धा त्यात येते. कोर्स झाला नाही, लायसन्स काढलं नाही आणि शनिवारी कुणाबरोबर सराव करायला गेलात, तर तुम्ही गुन्ह्याच्या हद्दीत उभे आहात.

दुसरा, मुदत. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स-वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. मे महिन्यात शिकार झाली, बंदूक कपाटात गेली, तुम्ही विसरलात. १ जुलैला सकाळी कपाटातली तीच बंदूक तुमच्यासाठी बेकायदा झालेली असते.

तिसरा, शिक्षा. या कलमाखाली १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि शस्त्राच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढता येतं. तुमच्या कागदपत्रांत काही गुंतागुंत असेल, स्टेटस बदलत असेल किंवा मुदतवाढ अडकली असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. शिकार पुढच्या वर्षीही करता येते.

दुकानात बंदूक घेताना ४४७३ नावाचा संघीय फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्वाचे प्रश्न असतात. तुम्ही नॉन-इमिग्रंट असाल आणि शिकारीच्या लायसन्सचा अपवाद लागू होत असेल, तर तसं लिहायचं आणि लायसन्स दाखवायचं. पुढे पेनसिल्व्हेनियात राज्य पोलीस तुमची पार्श्वभूमी तपासतात. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न आहे. राज्याने औषधी गांजाला परवानगी दिली असली तरी संघीय कायद्याने ती दिलेली नाही, असं तिथे छापलेलं असतं. वाचून, खरं तेच लिहा. खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

न्यू जर्सीत राहून इकडे शिकारीला येणारे आपले बरेच लोक आहेत. तिकडे बंदूक विकत घ्यायला फायरआर्म्स परचेसर आयडी कार्ड लागतं, आणि त्यासाठी पोलिसांकडचा अर्ज वेळखाऊ असतो. एप्रिलमध्ये जाग आली, तर त्या मे महिन्याचा नाद सोडा. प्रवासात बंदूक रिकामी, पेटीत, पेटीला कुलूप आणि पेटी डिकीत. वाटेत कुणाकडे मुक्कामाचा बेत ठेवू नका.

कोर्स, लायसन्स आणि थोडा हिशेब

पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. समोरासमोरचा वर्ग फुकट असतो. पैसे भरून ऑनलाइनही करता येतो. मी वर्गाच्या बाजूचा. आमचा वर्ग एका फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होता. माझ्या एका बाजूला ११-१२ वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला तिचे आजोबा. कुंपण ओलांडताना बंदुकीचं काय करायचं, या प्रश्नावर आयटीतला मी चुकलो आणि त्या पोरीचं उत्तर बरोबर आलं. बंदूक रिकामी करायची, कुंपणाखालून पलीकडे जमिनीवर ठेवायची, नळीचं तोंड आपल्यापासून दूर, आणि मग आपण ओलांडायचं. हे वाचून कळतं, पण प्रत्यक्ष चुकल्यावर जन्मभर लक्षात राहतं. हे प्रमाणपत्र एकदा मिळालं की इतर राज्यांतही चालतं.

मग लायसन्स. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन ही यातली मालक संस्था, १८९५ सालची. हंटफिशपीए या संकेतस्थळावर किंवा शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात लायसन्स मिळतं. फोटो-ओळखपत्र, राहण्याचा पुरावा आणि सोशल सिक्युरिटी नंबर जवळ ठेवा. २०२४-२५च्या मोसमातले दर असे होते: राज्यातल्या प्रौढासाठी २०.९७ डॉलर, राज्याबाहेरच्यासाठी १०१.९७ डॉलर, १२ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी राज्यात ६.९७ डॉलर. दर बदलू शकतात, भरण्याआधी पाहून घ्या.

टर्कीसाठी लोकांची एक गल्लत होते. साध्या लायसन्सबरोबरच वसंतातल्या एका टर्कीचा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला बांधायची चिठ्ठी, येतो; पहिल्या पक्ष्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. दुसरा पक्षी मारायचा असेल, तर स्पेशल वाइल्ड टर्की लायसन्स घ्यावं लागतं (राज्यातल्यांना २१.९७, बाहेरच्यांना ४१.९७ डॉलर). ते वसंतातला मोसम सुरू होण्याआधीच घ्यावं लागतं. पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला पक्षी मिळाला आणि दुपारी उत्साहात दुसरं लायसन्स काढायला गेलात, तर खिडकी बंद. पहिल्या वर्षी याची गरजही नसते. आधी एक तर मिळू दे!

ज्यांना कोर्सच्या आधी नुसता अनुभव घ्यायचाय, त्यांच्यासाठी मेंटर्ड परमिट आहे. २१ वर्षांवरचा लायसन्सधारक शिकारी सोबत राहून शिकवतो. व्हिसावर असलेल्यांना माझा सल्ला मात्र एकच: कोर्स करा, पूर्ण लायसन्स काढा. ज्या कागदावर आपली सगळी मदार, तो निर्विवाद असलेला बरा.

मोसम आणि घड्याळ

वसंतातला मोसम साधारण मेच्या पहिल्या शनिवारच्या आसपास उघडतो आणि महिनाअखेरीपर्यंत चालतो. २०२५मध्ये तो ३ ते ३१ मे होता. त्याच्या आधीच्या शनिवारी, २६ एप्रिलला, १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी खास दिवस होता. सोबत मोठं माणूस हवंच. तारखा कमिशन दरवर्षी जाहीर करतं.

तारखेपेक्षा नवशिके अडतात ते वेळेत. पहिले दोन आठवडे शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी १२पर्यंतच. १ वाजेपर्यंत जंगलातून बाहेर पडावं, अशी कमिशनची विनंती असते. नंतरच्या टप्प्यात (२०२५मध्ये १९ मेपासून) सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत दिवसभर मुभा.

दुपारची ही बंदी शिकाऱ्याला छळायला नाही. त्या दिवसांत माद्या अंडी घालत असतात किंवा नुकत्या रवणीला बसलेल्या असतात. घरटं जमिनीवर, पालापाचोळ्यात, एखाद्या पडक्या फांदीच्या आडोशाला. माणसाची सारखी ये-जा झाली, तर मादी घरटं सोडून देते. नर या कामात काडीचीही मदत करत नाही. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि जुगून झाल्यावर तो नसला तरी पिढी अडत नाही. वसंतातली परवानगी जवळजवळ फक्त नर मारायचीच असते, ती याच हिशेबाने.

रविवारचा प्रश्न हमखास येतो. पेनसिल्व्हेनियात रविवारी शिकारीला फार जुनी बंदी होती. २०१९च्या कायद्याने वर्षातले तीन रविवार उघडले, आणि २०२५च्या जुलैमध्ये बंदीच उठवली. कोणता रविवार कोणत्या शिकारीला खुला, ते आता कमिशन ठरवतं. ज्या वर्षी जाणार, त्या वर्षीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय रविवारचा बेत आखू नका.

दाढीवालाच

नियमाची भाषा 'नर' अशी नाही, 'दाढीवाला पक्षी' अशी आहे. छातीच्या मधोमध काळ्या घोड्याच्या केसांसारखा एक झुबका लोंबतो, ती दाढी. ती खरं तर पिसांचाच प्रकार आहे. एक वर्षाच्या तरुण नराची, म्हणजे 'जेक'ची, चार-पाच इंचांची. थोराड नराची, म्हणजे 'टॉम'ची, आठ-दहा इंचांची. जेकने पिसारा फुलवला की मधली पिसं बाजूच्या पिसांपेक्षा उंच दिसतात; टॉमचा पंखा सारखा गोल असतो. नराच्या पायामागे काटा असतो, तोही वयाबरोबर वाढतो.

पेच असा की थोड्या माद्यांनाही दाढी येते. पेनसिल्व्हेनियाच्या नियमात अशी मादी मारली, तर गुन्हा होत नाही. मी मात्र सोडून देईन, आणि इथले बहुतेक जुने शिकारीही सोडतात. मादीचं डोकं निळसर-करडं आणि बारीक पिसांनी झाकलेलं असतं. नराचं डोकं बोडकं, फोडाफोडांचं, आणि रंग बदलणारं.

त्या रंग बदलण्याचं सर्वांत सुंदर वर्णन आपल्याकडचं आहे. १६१२मध्ये मुकर्रब खान नावाच्या मुघल सरदाराने गोव्याहून काही अजब प्राणी-पक्षी बादशहा जहांगीरकडे आणले, त्यात टर्की होती. पोर्तुगीज ती अमेरिकेतून घेऊन आले होते आणि त्यांच्या भाषेत तिला 'पेरू' म्हणतात. (आपल्या पेरूचा या पेरूशी संबंध नाही, आपला 'पेरा'वरून आला.) जहांगीरने बारकाईने टिपून ठेवलंय की या पक्ष्याचं डोकं आणि गळा घटकेत पोवळ्यासारखा लाल होतो, घटकेत कापसासारखा पांढरा, तर कधी फिरोजी. दरबारातल्या मन्सूरने त्याचं चित्रही काढलं. लाल, पांढरा, निळा. हे तीन रंग डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

दिवसाला एक आणि मोसमाला एक, दुसरं लायसन्स असेल तर मोसमाला दोन.

काय चालतं, काय नाही

वसंतात रायफल चालत नाही. शॉटगन, धनुष्य किंवा क्रॉसबो. शॉटगनचे छर्रे शिशाचे असतील तर ४ नंबर किंवा त्याहून बारीक. स्टीलचे असतील तर २ नंबर किंवा त्याहून बारीक. नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक, हे ध्यानात ठेवा. नेम डोकं आणि मानेवर धरतात, अंगावर नाही. अंगावरचा पिसांचा थर जाड असतो आणि जखमी पक्षी धावत किंवा उडत कुठल्या कुठे जातो. म्हणून मोसमाआधी कागदावर ४० यार्डांवरून बार टाकून छर्रे कसे पसरतात ते पाहायचं. कागदावर टर्कीच्या डोक्याचं चित्र काढून छिद्रं मोजा. कमी भरली, तर तुमचा पल्ला ३० यार्ड. बढाई मारून तो वाढत नाही.

पक्ष्याला आवाज देऊन बोलवायचं, एवढी एकच पद्धत मान्य आहे. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांतले हाकारे इथे चालत नाहीत, आणि पक्ष्याचा माग काढत त्याच्यावर सरपटत जाणंही नियमबाह्य आहे. कारण उघड आहे. झाडीतून 'गॉबल', म्हणजे नराचा आवाज, ऐकू आला, तो पक्ष्याचा आहे की पक्ष्याची नक्कल करणाऱ्या माणसाचा, हे शंभर यार्डांवरून कळत नाही. आवाजावर सरपटत जाणारा माणूस दुसऱ्या माणसावर सरपटत जात असू शकतो.

आवाज काढायची साधनं हाताची किंवा तोंडाची हवीत. लाकडी पेटीवर झाकण घासून वाजवायचा बॉक्स कॉल, पाटीच्या दगडावर काडी घासायचा स्लेट कॉल, नाही तर टाळूला चिकटवायचा रबरी पडदा. मोबाइलवरून किंवा स्पीकरवरून आवाज लावणं बेकायदा. दाणे टाकून आमिष दाखवणं बेकायदा. आमिष उचलल्यावरही ती जागा ३० दिवस आमिषाचीच धरली जाते. कुणाच्या शेतावर परवानगी घेतलीत, तर हेही विचारा की हरणांसाठी मका टाकलाय का. तुम्ही टाकला नव्हता, हे कारण वॉर्डन, म्हणजे कमिशनचा अधिकारी, ऐकेलच असं नाही. जिवंत पक्षी मांडून भुलवणं, वसंतात कुत्रा वापरणं, ही दोन्ही बंद. प्लॅस्टिकची भुलवणी टर्की चालते.

नवशिक्याने बॉक्स कॉल घ्यावा. मादीचा 'यल्प' त्यावर दोन संध्याकाळी जमतो. माझ्या बायकोने तिसऱ्या संध्याकाळी ती पेटी गॅरेजमध्ये हलवली.

जागा

राज्याची स्टेट गेम लँड्स जवळजवळ १५ लाख एकर आहेत. शिवाय स्टेट फॉरेस्ट आणि वायव्येला अलेगेनी नॅशनल फॉरेस्ट. तिथे लायसन्स असलेल्याला वेगळी परवानगी लागत नाही. खासगी जमिनीवर मात्र मालकाला विचारायचं. मार्चमध्ये, दिवसाउजेडी, दार वाजवून, जमलं तर मुलांना घेऊन. 'नाही' म्हणाले तर आभार मानून परत फिरा.

झाडांवर जांभळे पट्टे दिसले, तर ते 'आत येऊ नका' असं वाचायचं. २०२०पासून तो पाटीइतकाच कायदेशीर इशारा आहे. पट्टा निदान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर आणि दोन पट्ट्यांत शंभर फुटांहून जास्त अंतर नाही. फिलाडेल्फिया आणि अलेगेनी या दोन काउंट्या या कायद्यातून वगळल्यात. आपल्या शहरी डोळ्यांना हे पट्टे लाकूडतोड्यांची खूण वाटतात. मलाही वाटले होते, आणि पलीकडून कुणीतरी शांतपणे "तुम्ही माझ्या शेतात उभे आहात" म्हणालं.

राहत्या घरापासून, गोठ्यापासून, शाळेपासून १५० यार्डांच्या आत बंदुकीने शिकार करायची नाही. धनुष्यासाठी हे अंतर ५० यार्ड, शाळेजवळ मात्र १५०च. तिथे राहणाऱ्याने परवानगी दिली, तर गोष्ट वेगळी. गाडीत भरलेली बंदूक कधीही नाही, इंजिन बंद असलं तरी.

पहाट

आदल्या संध्याकाळी जाऊन ऐकायचं. सूर्य मावळताना टर्की झाडावर झोपायला चढते, तेव्हा पंखांचा फडफडाट आणि कधी कधी एखादा गॉबल ऐकू येतो. ते झाड कळलं की अर्धं काम झालं.

सकाळी त्या झाडापासून १०० ते १५० यार्डांवर, अंधारातच जाऊन बसायचं. मेच्या सुरुवातीला इथे सूर्योदय सहाच्या सुमारास, म्हणजे पावणेपाचला तुम्ही झाडाशी टेकलेले हवेत. झाड तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद हवं. त्याने पाठ झाकते, आणि मागून कुणी चुकून बार टाकलाच तर आड येतं. झुंजूमुंजू होताना आधी छोटे पक्षी बोलतात, मग एखादं घुबड घुमतं, आणि त्याला उत्तर दिल्यासारखा वरून तो फुटका गडगडाट येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बॉक्स कॉलला हातच लावला नाही. नुसता ऐकत बसलो.

टर्कीला वास जवळजवळ येत नाही, पण नजर भयंकर. पापणी हलली तरी दिसते. डास नाकावर बसला तर बसू द्या. थोडं बोलवा आणि मग गप्प राहा. नवशिका सारखा वाजवत राहतो, आणि नर जागेवर उभा राहून मादी येईल याची वाट पाहतो. तुम्ही गप्प बसलात की त्याला शंका येते आणि तो बघायला निघतो. 'पट्' असा एकच तुटक आवाज आला, तर त्याने तुम्हाला पाहिलंय.

आता ते तीन रंग. लाल, पांढरा, निळा यांपैकी काहीही अंगावर नको. आतला बनियन पांढरा नको, मोजे पांढरे नकोत, निळी जीन्स नको, लाल रुमाल नको. झाडीतून दिसलेला लाल-पांढरा ठिपका दुसऱ्या शिकाऱ्याला टर्कीचं डोकं वाटू शकतं. पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या टर्कीसाठी भडक भगवी (फ्लोरोसंट ऑरेंज) टोपी घालणं सक्तीचं नाही, पण एका जागेवरून दुसरीकडे जाताना घालावी, असं कमिशन सांगतं. मी घालतो, आणि बसल्यावर काढून खिशात ठेवतो. दुसरा शिकारी येताना दिसला, तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज तर अजिबात काढू नका. जागचे न हलता मोठ्याने, स्पष्ट "हॅलो, इथे माणूस आहे" असं इंग्रजीत म्हणा. सकाळ वाया गेली तर जाऊ दे.

बार टाकण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: पूर्ण पक्षी दिसतोय, दाढी दिसतेय, आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसतंय. तिन्हींपैकी एक जरी अंदाजाने धरत असाल, तर सेफ्टी लावून ठेवा.

गोचिड्यांचं एक वाक्य, पण गंभीरपणे. गोचिडी चावून होणाऱ्या लाइम रोगाचे सर्वांत जास्त रुग्ण सापडणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया येतं, आणि मेमध्ये खसखशीएवढी पिल्लं गवतावर टपलेली असतात. कपड्यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन फवारा, पायजमा मोज्यांत खोचा, आणि घरी आल्यावर काखा, जांघा आणि गुडघ्यांच्या मागे आरशात पाहा.

पक्षी पडला. आता पेन काढा

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. पक्षी पडला की माणूस धावतो, मित्राला फोन करतो, पिसारा पसरून फोटो काढतो. नियमाचा क्रम वेगळा आहे. बंदूक सुरक्षित करा. पक्षी मेलाय याची खात्री करा. मग तो जागेवरून हलवण्याआधी टॅग भरा आणि पायाला बांधा. तारीख, वेळ, काउंटी, टॅगवर विचारलेलं सगळं. बॉलपेननेच, कारण दवाने शाई पसरते. मी पेन, जादा पेन आणि दोरीचा तुकडा एका झिपच्या पिशवीत ठेवतो, लायसन्ससोबत. टॅग बांधल्यावर हवे तेवढे फोटो काढा.

गाडीपर्यंत नेताना पक्षी खांद्यावर उघडा टाकू नका. डोकं आणि पंख लोंबताना दिसले की तुम्हीच चालती-फिरती टर्की होता. भगव्या कापडात गुंडाळा किंवा पिशवीत घाला.

दहा दिवसांच्या आत कमिशनला कळवायचं: हंटफिशपीएवर, फोनवर किंवा पोस्टाने. पाच मिनिटांचं काम. मी त्याच संध्याकाळी करतो आणि मिळालेला क्रमांक लायसन्सच्या फोटोसोबत जपून ठेवतो. पक्ष्याच्या पायात धातूची पट्टी असेल, तर तिचा क्रमांकही कळवा; अभ्यासासाठी लावलेली असते. आणि ज्याला काहीच मिळालं नाही, त्याला न वापरलेल्या टॅगवर पुढच्या वर्षी शिकार करता येत नाही. वर्ष संपलं की टॅगही संपला.

मांस विकता येत नाही. मित्रांना खिलवता येतं. छातीचं मांस मऊ असतं, पातळ काप करून तव्यावर होतं. तंगड्या मात्र चिवट, त्यातल्या कडक शिरा काढायला पक्कड लागते. कुकरमध्ये, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, सात-आठ शिट्ट्या. वाढण्याआधी छर्रे चाचपून काढा. एखादा राहिलाच तर पाहुण्यांना आधी सांगा, दात महाग असतात इथे.

बंदूक पुसून, रिकामी करून, कुलपात. आणि व्हिसावर असाल तर फोनवर एक आठवण लावून ठेवा, २५ जूनची. पुढच्या वर्षाची लायसन्सं जूनच्या शेवटच्या आठवड्यात मिळू लागतात.